लाकूड बदनाम, साइट नामानिराळी

जालन्यात घर बांधणाऱ्या कोणापाशीही दारांच्या चौकटींचा विषय काढा, उत्तर ठरलेलं आहे. “आता कुठं राहिलं हो लाकूड! पूर्वीचं सागवान वेगळं होतं. आता ग्रॅनाइट बसवा, नाहीतर लोखंडी चौकट घ्या आणि मोकळे व्हा.” ठेकेदार हे म्हणतो, इंजिनिअर म्हणतो. ज्याचं दार पावसाळ्यात लागत नाही तो घरमालक तर शपथेवर सांगतो. ज्या सुताराचं पोट लाकडावर आहे तोही आताशा मान डोलावतो. इतक्या लोकांचं एकमत झालं की ते खरं मानून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते मान्य नाही. वखारीतून निघालेलं लाकूड भिंतीत बसेपर्यंत मधे दीड-दोन महिने जातात. त्या काळात आपण त्याचे जे हाल करतो, ते कोणत्याही काळच्या आणि कोणत्याही जंगलातल्या सागाचे केले असते तरी निकाल हाच लागला असता.

काय हाल करतो ते आधी बघू. प्लॉटच्या तोंडाशी वाळूचा ढीग असतो, म्हणून टेम्पो रस्त्यावरच थांबतो. चौकटी एकेका माणसाकडून ओढून काढल्या जातात आणि त्यांचं एक टोक दाणकन खाली आदळतं. सांधा तिथेच पहिल्यांदा हलतो. मग त्या शेजारच्या कंपाउंडला तिरक्या टेकवून ठेवतात. खाली काळी माती. या मातीचा स्वभाव जालन्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. एकदा भिजली की आठ-आठ दिवस ओल सोडत नाही. चौकटीचे पाय त्या ओलीत, मधला भाग अधांतरी, वरचं टोक उन्हात. सात फुटांचा दांडा असा तिरका टेकवून ठेवला की स्वतःच्या वजनानेच त्याला बाक येतो. एक पाय खड्ड्यात आणि दुसरा खडीवर असेल तर चौकटीला पीळही बसतो. चोरीची भीती वाटली की चौकटी अर्ध्या बांधलेल्या खोलीत हलवतात. त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ पाइपने भिंतींवर पाणी मारणं चालू असतं. विटा पाणी पितात तसं चौकटीही पितात. दोन महिन्यांनी सुतार ओळंबा धरतो, गुण्या लावतो आणि म्हणतो, “लाकूडच वाकडं आहे.”

त्याच साइटवर सिमेंटच्या गोण्या बघा. जमिनीपासून वर, फळ्यांवर रचलेल्या, भिंतीपासून हात-दीड हात लांब आणि वरून ताडपत्री. सिमेंटला ओल लागली तर खडे होतात हे बिगाऱ्यालाही पाठ आहे. म्हणजे ओल काय करते याचं ज्ञान साइटवर भरपूर आहे. ते फक्त त्या गोण्यांखालच्या फळ्यांना लागू होत नाही. त्या फळ्या थेट मातीवर असतात.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे घेऊ. त्यातला सर्वांत लाडका मुद्दा हवेचा. जालना कोरडा मुलूख. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. इथं लाकूड उघड्यावर टाकलं तरी आपोआप वाळतं, सडायचं काम कोकणात. ऐकायला हे पटतं. पण उन्हात पडलेलं लाकूड वाळत नाही, ते भाजतं. बाहेरचा थर झपाट्याने कोरडा होतो, आतला गाभा ओलाच राहतो. बाहेरचं आकसायला बघतं, आतलं आकसू देत नाही. या ओढाताणीत पृष्ठभागावर चिरा पडतात. टोकांकडून तर पाणी सर्वांत वेगाने उडतं, कारण लाकडाच्या नळ्या तिथेच उघड्या असतात. म्हणून तडे नेहमी टोकापासून सुरू होतात. वखारीतल्या ओंडक्यांच्या तोंडाला रंग किंवा डांबर फासलेलं दिसतं ते खुणेसाठी नसतं, टोकं एकदम सुकू नयेत म्हणून असतं. त्याच ओंडक्याच्या चौकटी कापल्या की नव्या निघालेल्या टोकांना कोणी काही लावत नाही.

शिवाय कोरडेपणा हा जालन्याच्या हवेचा अर्धाच भाग. मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, ऑगस्टच्या झडीत ती ऐंशीच्या पुढे जाते. लाकूड हवेशी जमवून घेत असतं. उन्हाळ्याअखेर त्यात सात-आठ टक्के पाणी उरतं, पावसाळ्यात तेच पंधरा-सोळा टक्क्यांवर जातं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा या फरकाने फूटभर रुंदीत चार-पाच मिलीमीटर हलतं. दुसरी लाकडं याहून जास्त. म्हणजे हवा जितकी टोकाची, तितकं लाकूड जपून, सावकाश मुरवून घ्यायला हवं. कोकणात वर्षभर दमट असतं, तिथं लाकडाला एवढ्या कोलांट्या माराव्या लागत नाहीत. आमचा उन्हाळा ज्यांना सवलत वाटतो त्यांना त्याच लाकडाचा ऑगस्ट दिसत नाही. आणि ऑगस्टच कशाला? २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि २०१८च्या फेब्रुवारीतली गारपीट या जिल्ह्याने भोगली आहे. ऐन बांधकामाच्या मोसमात अवकाळी येऊन जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. दिवाळीनंतर आणलेलं लाकूड अक्षय्य तृतीयेपर्यंत कोरडंच राहील, हा हिशेब आता धरता येत नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि त्यातला अर्धा भाग मी मान्य करतो. लाकूड पूर्वीसारखं नाही. लागवडीचा साग लवकर तोडला जातो. त्यात गाभ्याचं तपकिरी लाकूड कमी आणि सालीलगतचं पांढरं जास्त. किडा पहिल्यांदा शिरतो तो या पांढऱ्यातच, आणि वर्षभराने चौकटीखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. सागाच्या नावाखाली भलतंच लाकूड गळ्यात मारणारेही आहेत. परदेशी ओंडका बंदरातून ओलाच येतो, आरा मशीनवर चिरला जातो आणि त्याच आठवड्यात चौकट होऊन साइटवर उतरतो. हे सगळं खरं. पण यातून निष्कर्ष काय निघतो? माल हलका आहे, ओला आहे, म्हणून त्याला मातीत टाका? ओल्या आणि कोवळ्या लाकडाला जास्त जपावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि चांगलं लाकूड संपलं, हे तर साफ खोटं. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राम मंदिरासाठी साग वाजतगाजत रवाना झाला, त्याची दारं झाली. तो साग याच काळातला, याच राज्याच्या जंगलातला. फरक इतकाच की तो कोणी काळ्या मातीवर टेकवून ठेवला नाही.

पूर्वीच्या लाकडाचे गोडवे गाणाऱ्यांनी पूर्वीचं घर नीट बघावं. मराठवाड्यातलं माळवद म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर मातीचं छत. खांब, तुळया, त्यावर सर, किलच्या, पालापाचोळा आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. या घरांत सगळं लाकूड सागाचं नसे. सधनांच्या वाड्यात साग, बाकीच्यांकडे कडुनिंब, बाभूळ, बांधावरचं जे मिळेल ते. तरी ती घरं दोन-तीन पिढ्या सहज टिकली. का टिकली याचं उत्तर खांबाच्या पायाशी आहे. तिथं दगडाचं उथळं असतं. खांब जमिनीला लागतच नाही. ओल दगडापाशी थांबते आणि वाळवीला मातीतून लपून वर चढायची वाट मिळत नाही. मातीचं छत गळायला लागलं की दरवर्षी पावसाळ्याआधी वर चढून माती दाबायची, चर बुजवायचे, हे कामही ठरलेलं. निंबा-बाभळीच्या लाकडाला शंभरी गाठून देणारी ही काळजी होती. आज माळवदं पाडून स्लॅब टाकले जातात, तेव्हा त्यातून निघालेले खांब आणि तुळया विकत घ्यायला लोक टपलेले असतात. रंधा मारला की आतून लख्ख लाकूड निघतं. नव्या चौकटीचं आयुष्य दहा वर्षं आणि जुन्या खांबाचं शंभर, याचं सगळं श्रेय झाडाच्या जातीला देणं हा आळस आहे. खांबाला दगड मिळाला, चौकटीला चिखल मिळाला.

शेतकऱ्याला तर हे शिकवायलाच नको. तिफण, वखर, जू यांचं काम आटोपलं की ती गोठ्याच्या आढ्याखाली टांगली जात. बाभळीचं लाकूड गाडीसाठी घ्यायचं तर आधी पाण्यात बुडवून ठेवायचं, मग सावलीत सुकवायचं, तेव्हा कुठं सुतार हात लावणार. आज साइटवर काम करणारे निम्मे गवंडी आणि बिगारी भोकरदन, जाफराबाद, मंठ्याच्या अशाच घरांतून आलेले आहेत. औत पावसात राहिलं तर ज्यांचे आजोबा घर डोक्यावर घेत, त्यांची नातवंडं चौकट डबक्यात टेकवून चहाला जातात. त्यांचा दोष म्हणत नाही मी. औत आपलं होतं. ही चौकट कोणाची, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

खरी गोम इथं आहे. आपल्याकडे बरीच घरं मजुरीच्या ठेक्यावर बांधली जातात. चौरस फुटाला इतके रुपये ठेकेदाराची मजुरी, सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबला खालून आधार देणारं सामान त्याचं, बाकी सगळा माल मालकाचा. चौकटी सुताराकडून वेगळ्या करवून घेतलेल्या. आता साइटवर पडलेल्या चौकटीची वारसदारी लावा. मालक म्हणतो, मी पैसे मोजले, सांभाळायचं काम साइटवाल्याचं. ठेकेदार म्हणतो, माझा ठेका विटा-सिमेंटचा. सुतार म्हणतो, मी माल पोचवला, बसवायला बोलवा तेव्हा येईन. इंजिनिअर नकाशात दाराची जागा दाखवून मोकळा. चौघांचे हात स्वच्छ आणि लाकूड चिखलात. सळईचं असं होत नाही, कारण ती वजनावर मोजली जाते. वाळूचं होत नाही, कारण ती रात्रीतून उचलून नेतात. लाकडाची आठवण साइटला एकदाच येते, होळीच्या दिवशी. सेंट्रिंगच्या दोन बल्ल्या पोरांनी पळवल्या की केवढा गहजब होतो! त्याच ढिगाखालच्या वीस बल्ल्या बुडाशी कुजलेल्या असतात, त्यांचा हिशेब कोणी मागत नाही.

चौकट बसवायच्या दिवशी मात्र मुहूर्त असतो. हळद-कुंकू, आंब्याचे डहाळे, नारळ, पेढे. माझा पूजेला विरोध नाही. पण ज्या वस्तूची आपण पूजा करणार आहोत ती आदल्या संध्याकाळपर्यंत कुठं पडली होती, एवढं तरी विचारावं. घाईघाईत तिच्यावर गुलाबी प्रायमरचा हात फिरवलेला असतो आणि भिंतीकडच्या बाजूला डांबर. लाकूड कोरडं असेल तर हे दोन्ही उत्तम. ओलं असेल तर आपण ती ओल आत कोंडून वर झाकण लावलं. मग रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि पुन्हा दोष लाकडाला.

घरकुलांची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त टोचणारी. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. कामाचा टप्पा दाखवला, फोटो चढला, की पुढचा हप्ता. हातात पैसे आले की माणूस दोन चौकटी, एक खिडकी घेऊन ठेवतो, कारण पुन्हा पैसे राहतील याची खात्री नसते. मग हप्ता रखडतो, भिंत जोत्याशीच थांबते आणि चौकटी अंगणात एक पावसाळा काढतात. या माणसाला “लाकूड नीट ठेवा” असं सांगणं वरून शहाणपणा शिकवल्यासारखं वाटेल. पण त्याचंच नुकसान सर्वांत मोठं आहे, कारण त्याला दुसरी चौकट घेता येणार नाही. घरकुलाची पाहणी करायला येणारा अभियंता जोत्याचा फोटो काढतो, तो अंगणातल्या चौकटीकडे बघून दोन वाक्यं बोलला तर त्याचा दौरा लांबणार नाही.

तिसरा मुद्दा लोखंडाचा. जालना म्हणजे सळईचं गाव. इथल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल मराठवाड्याच्या बाहेरही माल पुरवतात. घरचं पीक सोडून विकतचं का घ्या, असा सरळ व्यवहार. न्हाणीघराला, शौचालयाला ग्रॅनाइटची किंवा लोखंडी चौकट लावा, मीही तेच सांगेन. पण “लोखंड घेतलं की कटकट मिटली” हा भ्रम आहे. पत्र्याची दाबून केलेली चौकट टेम्पोतून आपटली की वाकते, आणि तिचा वाक रंध्याने काढता येत नाही. तिचे पाय त्याच चिखलात गंजतात. फ्लश दार, प्लाय तर लोखंडी चौकटीतही लाकडाचंच येतं आणि ते उभं टेकवून ठेवलं की त्याला पोट सुटतं. ज्या साइटला वस्तू ठेवता येत नाही तिला वस्तू बदलून काय उपयोग?

लाकडाला अडगळीत ढकलण्याची सवय सरकारी आशीर्वादानेही वाढली. १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगलं वाचवण्यासाठी आपल्या बांधकामांतून लाकूड हद्दपार केलं. २०२० साली ती बंदी उठली. मधल्या सत्तावीस वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांच्या पिढीला लाकूड हा विषयच राहिला नाही. त्याच १९९३च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि माळवद म्हणजे मृत्यू असं समीकरण मराठवाड्यात बसलं. लोकांचा घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि छतावरच्या टनावारी मातीने. जिथं छताचा भार भिंतीवर नव्हता, तो घट्ट जोडलेल्या लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती बाहेर कोसळूनही सांगाडे उभे राहिल्याची उदाहरणं तज्ज्ञांनी नोंदवली. त्या साक्षीकडे आपण पाठ फिरवली आणि भिंतींचा गुन्हा खांबांच्या नावावर चढवला.

आतापर्यंत चौकटीचं बोललो. पण साइटवरचं जास्तीत जास्त लाकूड घरात राहतच नाही. ते सेंट्रिंगचं: निलगिरीच्या बल्ल्या, फळ्या, प्लाय, बत्ते. “तात्पुरतं तर आहे, त्याला काय जपायचं?” या वाक्यावर मला खरा राग येतो. चौकट बिघडली तर दार कुरकुरेल. बल्ली बिघडली तर माणूस मरेल. पाच इंची स्लॅबचं ओलं काँक्रीट दर शंभर चौरस फुटांना जवळपास तीन टन भरतं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबखाली तीस टनांच्या घरात ओझं, त्यावर चालणारी माणसं आणि मिक्सरच्या पाट्या वेगळ्या. हे सगळं काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्या बल्ल्यांच्या भरवशावर. मागच्या साइटवर पावसात पडलेली, बुडाशी मऊ झालेली बल्ली बाहेरून ठणठणीत दिसते. ओल्या लाकडाची ताकद कोरड्यापेक्षा बरीच कमी असते आणि कुजलेल्याची तर मोजायचीच नसते. बुडाशी नखाने दाबलं तर खड्डा पडतो, सुरीचं टोक घातलं तर आत जातं. एवढी परीक्षा स्लॅबच्या आदल्या दिवशी किती जण घेतात? त्याऐवजी कुजलेलं टोक कापून बल्ली आखूड होते आणि तिच्याखाली विटांचे तुकडे रचून उंची भरून काढतात. भारतीय मानक ब्युरोची सेंट्रिंगवर स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, आयएस १४६८७. ती राहू द्या. बल्लीखाली सैल विटा रचू नयेत हे कळायला पुस्तक लागत नाही.

आणि खिळे. स्लॅब उतरवला की फळ्या खिळ्यांसकट ढिगावर. खिळ्याचं टोक वर. त्या ढिगावरून बाया-माणसं चपला घालून चालतात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या पेटीतून सुरक्षा बूट मिळालेत अनेकांना, पण ते घरी माळ्यावर, नवेकोरे. खिळा काढून फळी रचायला एका माणसाचं एक दिवसाचं काम. खिळा पायात गेला की धनुर्वाताची सुई, चार दिवसांची बुडालेली मजुरी आणि वर “बघून चालायला काय झालं?” हा प्रश्न. ठेकेदाराला खिळ्यांचं दुखणं पटत नसेल तर पैशाचं तरी पटावं. खिळे काढून, साफ करून, तेल लावून सपाट रचलेला प्लाय आणि भिजून कडा फुगलेला प्लाय यांच्या वापरात कितीतरी स्लॅबांचा फरक पडतो. कडा फुगल्या की स्लॅबच्या पोटाला जोडावर जोड उमटतात, मग प्लास्टरचा जाड थर देऊन ते झाकायचे. तो खर्च मालकाच्या खिशातून.

नीट ठेवायचं म्हणजे काय, हे गूढ नाही. आयएस ४०८२ हे बांधकामाच्या जागी माल कसा रचावा याचं मानक कधीपासूनच आहे, आणि त्यातला लाकडाचा भाग पानभरही नसेल. लाकूड जमिनीपासून किमान १५० मिलीमीटर वर. म्हणजे दोन विटांचा थर. प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या, आणि वरपासून खालपर्यंत त्या एका ओळीत. ही ओळ चुकली की वरचं ओझं खालच्या फळीला मधेच वाकवतं. शेजारच्या दोन नगांमध्ये बोटभर फट, म्हणजे वारा खेळतो. लांब नग खाली, आखूड वर. ढीग दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच, याहून मोठा नको. टोकांना डांबर किंवा रंग. वर वजन, म्हणजे वरचे नग पिळवटत नाहीत. ऊन, पाऊस आणि तापलेलं वारं यांपासून आडोसा. माझी यात एकच भर: वर पत्रा किंवा ताडपत्री टाका, पण चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि बुरशी येते. लोक गुंडाळतात आणि समजतात, फार काळजी घेतली.

यावर येणारं शेवटचं उत्तर मला माहीत आहे: “जागा कुठं आहे साहेब, आणि खर्च?” साध्या घराच्या सात चौकटी आडव्या रचल्या तर साडेतीन फूट बाय साडेसात फूट जागा लागते आणि उंची चार फुटांच्या आत राहते. एक मोटारसायकल उभी राहते तेवढी ही जागा. खाली दोन डझन विटा, ज्या नंतर भिंतीतच जाणार. बल्ल्यांचे चार तुकडे आणि सुताराकडे पडलेल्या पट्ट्या. वर दोन जुने पत्रे. पाच इंच बाय तीन इंच जाडीच्या एका चौकटीत पावणेदोन घनफूट लाकूड जातं. सातांचं झालं बारा घनफूट, आणि सागाचा भाव घनफुटाला हजारांत आहे. एवढा माल दोन डझन विटांसाठी मातीत घालणारा माणूस काटकसरी म्हणवून घेतो, हे अजब आहे.

लाकूड पुरेसं वाळलं की नाही हे बघायचं यंत्रही आता महाग राहिलेलं नाही. दोन पिना टोचल्या की ओलीचा आकडा दिसतो. ते नसेल तर ढिगातला एक तुकडा बाजूला काढा आणि दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. वजन घटायचं थांबलं की लाकूड हवेशी जमलं. दार-खिडक्यांच्या लाकडात किती ओल चालते याचे आकडे मानकांत हवामानाच्या विभागांनुसार दिलेले आहेत, ढोबळमानाने दहा ते चौदा टक्के धरा. पण दोन इंच जाडीचं लाकूड एक इंचाच्या दुप्पट वेळात वाळतं असं समजू नका. त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून चौकटी शेवटी नाही, पायाचं काम चालू असतानाच आणाव्यात आणि तेवढे महिने त्यांना सावलीत आडवं पडू द्यावं. आज चौकटी एकतर मातीत पडून राहतात, नाहीतर नेमकं उलट होतं. भिंत दाराच्या उंचीला आली की वखारीत फोन जातो आणि ओली चौकट दुसऱ्या दिवशी भिंतीत.

जालना हा राज्यातल्या सर्वांत कमी जंगलाच्या जिल्ह्यांपैकी एक. इथं लागणारा जवळजवळ प्रत्येक घनफूट साग चंद्रपूर-मेळघाटाकडून किंवा समुद्रापलीकडून येतो. ज्या गावाने स्वतः झाड वाढवलं नाही, त्याने दुसऱ्याच्या जंगलातून आणलेलं लाकूड चिखलात टाकावं आणि वर त्यालाच नाव ठेवावं, हे मला निर्लज्जपणाचं वाटतं. सौम्य शब्द शोधला, सापडला नाही.

दिवाळीनंतर ज्यांचं बांधकाम सुरू होणार आहे, त्यांना माझी विनंती आहे. ठेकेदाराशी कागद करताना त्यात एक ओळ घालून घ्या: साइटवर उतरलेल्या लाकडाची जबाबदारी उतरल्या क्षणापासून बसेपर्यंत कोणाची. नाव लिहा, “सर्वांची” असं लिहू नका. मजुरीत त्यासाठी चार पैसे वाढवून मागितले तर द्या. स्लॅबच्या आदल्या दिवशी स्वतः खाली वाकून चार बल्ल्यांच्या बुडाशी नख लावून बघा. आणि चौकटींचा टेम्पो येईल तेव्हा जागेवर हजर राहा. विटांचा थर मांडलेला नसेल तर टेम्पो परत पाठवा.